रोझेन बुडवली त्या सकाळी

देवयानी वैरागडेला समुद्राची भीती वाटायची. लानेक गावात हे एकट्या सौमित्रला, तिच्या नवऱ्याला, माहीत होतं. बाकी कुणाला सांगण्याची सोय नव्हती, कारण गावाने तिला नेमलं होतं तेच मुळी समुद्रातल्या एका जुन्या गलबताची देखभाल करायला.

ती नागपूरची. लकडगंजात तिच्या वडिलांची, राजाराम वैरागड्यांची, आरामशीन होती. सागवानाच्या भुशात ती लहानाची मोठी झाली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो पुरीला, नववीच्या सहलीत. लाटेने पायाखालची वाळू ओढून नेली तेव्हा ती जी मागे पळाली, ती बस सुटेपर्यंत पाण्याकडे पाठ करून बसून राहिली. पुढे लाकडावरच शिकली. अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएचडी केली. चौघी मुलींचं एक अपार्टमेंट, कॅम्पसची बस, आणि कढीपत्ता हवा असला की कुणाच्या तरी गाडीत बसून लांबच्या गावाची फेरी. वर्षानुवर्षं पाण्यात भिजलेलं लाकूड कसं टिकवायचं, हा तिचा विषय. त्या विषयाच्या नोकऱ्या जगात मोजक्या, आणि त्यातली एक मेन राज्याच्या किनाऱ्यावरच्या या लहानशा बंदरात निघाली. हिवाळ्यात ओस पडणाऱ्या गावात राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ती तिला मिळाली, असं ती स्वतःच हसून सांगायची.

लानेकला उन्हाळ्यात मात्र पाय ठेवायला जागा नसे. फ्रान्सच्या पश्चिमेला ब्रिटनी नावाचा जो कोपरा समुद्रात शिरलेला आहे, तिथले कोळी एके काळी दर वसंतात अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडच्या बाजूला कॉड मासे धरायला यायचे आणि अर्धं वर्ष पाण्यावर काढायचे. त्यातलंच ‘रोझेन’ नावाचं एक गलबत डोलकाठी मोडलेल्या अवस्थेत या बंदरात शिरलं आणि परत गेलंच नाही. खलाशांतले काही जण इथेच राहिले, इथल्याच मुलींशी लग्नं केली. म्हणून अमेरिकेच्या या टोकाला अजून धक्क्यावर ब्रिटनीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा झेंडा असतो, दुकानात काळसर पिठाची पातळ धिरडी मिळतात, आणि ऑगस्टातल्या जत्रेत समुद्रातून न परतलेल्या माणसांची नावं चर्चच्या अंगणात मोठ्याने वाचली जातात. गेल्या जुलैत टेक्सासमधल्या फ्रिस्कोहून आलेल्या एका मराठी काकूंनी ते धिरडं खाऊन, “अगं, हे तर आपलं घावनच,” असं जाहीर केलं होतं, आणि मग देवयानीला बाजूला घेऊन विचारलं होतं, “पण तुम्ही इथे दोघंच काय करता? डॅलसला मूव्ह व्हा ना, तिकडे आपले किती लोक आहेत.”

लोक येत ते मुख्यतः रोझेनसाठी आणि धक्क्यावर तिच्यासाठी उभारलेल्या संग्रहालयासाठी. आणि रोझेन उभी होती ती अ‍ॅलन ल गॉफ या माणसामुळे. अ‍ॅलनचे आजोबा तिच्यावरून आलेले. अ‍ॅलन सुतार. गलबत चिखलात कुजत पडलं होतं तेव्हा त्याने ते हाती घेतलं आणि वीस-बावीस वर्षं एकेक फळी बदलत पुन्हा उभं केलं. आता अठ्ठ्याहत्तरीला टेकला होता, गुडघे गेले होते, तरी रोज सकाळी येऊन तळाच्या लाकडावर हात फिरवून जायचा. देवयानीला त्याने आधी महिनाभर नुसतं निरखलं. मग एके दिवशी फळ्यांच्या फटीत भरायचा काथ्या तिच्या हातात दिला आणि म्हणाला, “बस इथे.” तेव्हापासून दोघं जेवायचे डबे बरोबर खात.

जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी देवयानी धक्क्यावर पोचली तेव्हा ओहोटी होती आणि रोझेन नेहमीसारखी आपल्या जागी चिखलावर टेकलेली होती. वारा वाढत होता. मंगळवारीच एक वादळ होऊन गेलं होतं आणि पाणी धक्क्याच्या काठापर्यंत चढलं होतं. आज अमावास्येची भरती आणि दक्षिणेचा वारा दोन्ही दुपारी एकदमच येणार होते. पाणी मंगळवारपेक्षा हातभर वर जाईल, असं हवामान खातं सकाळपासून सांगत होतं.

तिने धक्क्याच्या खुंटांकडे पाहिलं आणि मग रोझेनच्या कठड्याकडे. पाणी धक्क्याच्या वर गेलं की गलबतही वर जाणार. मग धक्क्याला आणि गलबताला अडवायला मध्ये काही उरणार नाही. एक तर लाटा रोझेनला उचलून धक्क्यावर आदळणार आणि खुंटांवर तिचं पोट फाटणार, नाही तर दोर तुटून ती मोकळी सुटणार. पलीकडच्या धक्क्याला गावातल्या मच्छीमारांच्या बोटी बांधलेल्या होत्या. एवढं वजन त्यांच्या अंगावर गेलं असतं तर त्यांतली एकही धड राहिली नसती.

सौमित्र मागून दोराचं भेंडोळं घेऊन आला. तो घरून सॉफ्टवेअरचं काम करायचा, बोटीतलं त्याला काही कळत नव्हतं. पण तो रात्रीच तिला म्हणाला होता की उद्या मी तुझ्याबरोबर येणार.

“अजून डबल दोर लावायचे ना?” त्याने विचारलं.

“लावून उपयोग नाही,” ती म्हणाली. “तिला वर येऊच द्यायचं नाही.”

“म्हणजे?”

“आता ती खाली टेकली आहे. भरती चढताना आत पाणी घेतलं तर ती तरंगणारच नाही. तळाशी दगडांचं वजन आहेच. तशीच बसून राहील.”

सौमित्रने तिच्याकडे पाहिलं. “तू ती बुडवायचं म्हणते आहेस.”

“हो.”

“देवू, एक सांगू? तुझा व्हिसा संग्रहालयवाल्यांच्याच हातात आहे. वर्षाला हजारो लोक जिच्यासाठी येतात ती बोट तू बुडवलीस, आणि नंतर कळलं की वादळ तेवढं नव्हतंच, तर?”

तिलाही पहाटेपासून तेच छळत होतं. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लाकडाचं काय होतं हे तिच्याइतकं गावात कुणालाच माहीत नव्हतं.

तिने संग्रहालयाच्या अध्यक्षबाईंना, मार्थाला, फोन लावला. मार्था नातवंडांकडे फ्लोरिडात होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “इन्शुरन्सवाल्यांशी बोलणं झाल्याशिवाय काहीही करू नकोस. मी त्यांना मेसेज ठेवलाय.”

“मार्था, आज शनिवार आहे. पाणी दुपारी येणार आहे.”

“मला कळतंय. पण मी तुला हो म्हणू शकत नाही.”

“आणि नाही?”

“नाहीही म्हणू शकत नाही,” मार्था म्हणाली.

देवयानीने फोन खिशात टाकला आणि शिडीने गलबताच्या पोटात उतरली. अ‍ॅलन तिथे होताच. पर्यटकांसाठी ठेवलेल्या बाकावर, डोक्यावर लोकरीची टोपी घालून, हात मांडीवर ठेवून बसला होता.

“तू काय करायला आलीस ते मला ठाऊक आहे,” तो म्हणाला. “ते दोर मी स्वतः बांधलेत. टिकतील.”

“मंगळवारी पाणी कुठपर्यंत होतं ते तुम्ही पाहिलंत.”

“याहून मोठी वादळं पाहिली तिने.”

“तेव्हा ती खोल समुद्रात मोकळी होती, अ‍ॅलन. धक्क्याला बांधलेली नव्हती.”

“मग जाऊ दे तुटून,” अ‍ॅलन म्हणाला. “गेली तर समुद्रात जाईल. माणसाने स्वतःच्या हाताने बुडवायची नाही.”

देवयानीने वाद घातला नाही. ती मागच्या बाजूला गेली आणि समुद्राचं पाणी आत घेणारा पहिला व्हॉल्व्ह फिरवला. तो उघडला. दुसऱ्याचं चाक मात्र जागचं हलेना. तिने पाना लावला, पान्यावर पाय देऊन उभी राहिली, तरी नाही. तेवढ्यात खिशात फोन वाजला. नागपूरहून बाबा. तिकडे संध्याकाळ झाली होती. तिने सवयीने उचलला.

“काय करून राहिली बेटा? टीव्हीवर तुमच्याकडचं वादळ दाखवून राहिले.”

“बाबा, मी कामात आहे. बोटीत आहे.”

“बोटीत काहून? वादळात बोटीत कायले गेली तू?” त्यांचा आवाज चढला. “आधी उतर तिथून. ऐकून राहिली का? आधी उतर.”

“उतरते, बाबा. नंतर करते फोन.” तिने फोन ठेवला आणि पान्यावर पुन्हा जोर दिला, चाक तसंच.

एका व्हॉल्व्हने भागणार नव्हतं. बाहेरचं पाणी ज्या वेगाने चढत होतं, त्यापुढे एका व्हॉल्व्हची धार म्हणजे नळ ठरली असती. आत पुरेसं पाणी भरण्याआधीच रोझेन तरंगायला लागली असती, आणि अर्धवट भरलेलं गलबत लाटांत सगळ्यांत वाईट. तिने वर तोंड करून सौमित्रला हाक मारली आणि हत्यारांच्या खोलीतली बॅटरीवरची करवत मागवली.

करवत पाहिल्यावर अ‍ॅलन उठून उभा राहिला.

गलबताच्या डाव्या अंगाला एके ठिकाणी आतलं अस्तर काढून ठेवलेलं होतं. पर्यटकांना फासळ्यांसारख्या ओंडक्यांची रचना दिसावी, हात लावून पाहता यावा, म्हणून. तिथे बाहेरच्या फळ्या उघड्याच होत्या. फळी कापायची तर तिथेच. त्या फळ्या ओकच्या होत्या आणि त्यांतली प्रत्येक अ‍ॅलनने वाफेत मऊ करून, वाकवून, स्वतः बसवलेली होती.

“सरका, अ‍ॅलन.”

तो सरकला नाही. तिच्या आणि फळ्यांच्या मध्ये उभा राहिला. बाहेर पहिलं पाणी गलबताला लागल्याचा आवाज आला, कुणी ओल्या हाताने दार थोपटावं तसा.

“मी तुमच्याशी भांडणार नाही,” ती म्हणाली. “मला समुद्राची भीती वाटते. फार वाटते. मला इथून आत्ता पळून जायचंय. पण ही सुटली तर त्या बोटींवर जाईल, आणि त्या धक्क्यावर आत्ता माणसं आहेत. तुम्हीही बघितलीत येताना.”

अ‍ॅलन बाजूला झाला, पण शिडीकडे गेला नाही. वरून सौमित्र ओरडून सांगत होता की पाणी भराभर चढतंय.

देवयानीने करवत फळीला टेकवली. पातं धडधडायला लागलं, भुसा उडाला, आणि दोन वितीही गेलं नसेल तोच ते खिळ्यावर अडकून किंचाळलं. तिने ओढून काढलं. दात बोथटले होते. दुसरं पातं लावताना तिच्या हातून ते दोनदा पडलं.

“तिथे नको,” मागून अ‍ॅलन म्हणाला. “तिथे खिळा आहे. चार बोटं खाली घे. त्या रेषेत लाकडी खुंट्या आहेत, लोखंड नाही.”

तिने वळून पाहिलं. तो गुडघा धरून खाली बसला होता आणि बोटाने फळीवर रेघ दाखवत होता. चेहरा दगडासारखा. तिने त्याच्या बोटामागून करवत चालवली. खालची कड कापली गेली तेव्हा बाहेरचं पाणी तिथवर चढलेलं होतं. फटीतून बर्फासारखं थंड पाणी तिच्या मनगटावर, कोपरावर, छातीवर उडायला लागलं. श्वास अडकला. उभ्या कडेचा शेवटचा टवका उरला होता.

आणि तेव्हा पायाखालची जमीन हलली.

फारशी नाही. कुणी झोपेत कूस बदलावी एवढीच. पण दोघांनाही कळलं. पुढचं टोक चिखलातून सुटलं होतं. रोझेन तरंगायला लागली होती.

“ढकल,” अ‍ॅलन म्हणाला, आणि त्याने स्वतःच बाजूची पहार उचलून फळीच्या फटीत घातली. दोघांनी मिळून जोर केला. फळीचा तुकडा कडकन आत मोडून आला आणि त्याच्यामागून मांडीएवढा जाड पाण्याचा लोट. देवयानी मागे फेकली गेली. उठली तेव्हा पाणी घोट्यांवर होतं. शिडीपर्यंत जाईतो गुडघ्यावर.

अ‍ॅलनला चढता येईना. त्याचा गुडघा वाकतच नव्हता. तिने खालून खांदा दिला, वरून सौमित्रने त्याच्या काखेतून दोर ओवून ओढलं. मध्येच पायरीवर अ‍ॅलन थांबला आणि खाली भरत चाललेल्या काळ्या पाण्याकडे बघायला लागला. पाणी देवयानीच्या कमरेला लागलं होतं. पाय बधिर झाले होते, आणि पुरीची ती वाळू पायाखालून सरकतेय असं तिला वाटत होतं.

“अ‍ॅलन, प्लीज,” ती म्हणाली. “मी खाली आहे.”

तो चढला.

धक्का ओलांडताना लाटांचं पाणी फळ्यांवरून वाहत होतं. तिघं एकमेकांना धरून संग्रहालयाच्या इमारतीत शिरली आणि जिन्याने वरच्या मजल्यावर गेली. सौमित्रने अ‍ॅलनला ब्लँकेटात गुंडाळलं, देवयानीला आपलं जॅकेट दिलं. खिडकीतून रोझेन दिसत होती. पुढचं टोक आधी वर उचललं गेलं होतं, ते हळूहळू, कण्हल्यासारखा आवाज करत, पुन्हा खाली बसलं. मग पाणी धक्क्यावर आलं. खुंट बुडाले. धिरड्यांच्या दुकानाचं लाकडी अंगण सबंधच्या सबंध उचललं गेलं आणि खुर्च्यांसकट रस्त्यावरून वाहत गेलं. लाटा रोझेनच्या कठड्यावरून आत पडत होत्या, डोलकाठ्या थरथरत होत्या. प्रत्येक मोठ्या लाटेला देवयानी खिडकीची चौकट घट्ट धरत होती. गलबत जागचं हललं नाही.

पाणी उतरायला लागल्यावर अ‍ॅलन उठला. “मला घरी सोड,” तो सौमित्रला म्हणाला. देवयानीकडे त्याने पाहिलं नाही.

पुढचे दोन महिने तो तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. तो धक्क्यावर येईनासाच झाला. गावात दोन तट पडले. मच्छीमारांनी तिच्या दारात न सांगता माशांची टोपली आणून ठेवली. पण दुकानदारांतले काही जण तोंडावर म्हणाले की येत्या उन्हाळ्यात आम्ही लोकांना काय चिखल दाखवायचा? दोर एकही तुटला नव्हता, यावर सगळ्यांचा भर. देवयानी सांगून थकली की गलबत वर उचललंच गेलं नाही, म्हणून दोरांवर ताण आला नाही. त्यावर लोक मान हलवत आणि दोर तुटले नव्हते हेच पुन्हा सांगत. ते टिकले असते की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं. तिलाही नाही. रात्री जाग आली की ती हाच हिशेब करत पडून राही, आणि सौमित्र झोपेतच तिच्या हातावर हात ठेवी.

मार्था परत आल्यावर संग्रहालयाच्या मंडळाच्या तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ठरलं की देवयानीला ठेवायचं. एका मताच्या फरकाने.

मार्चमध्ये कापलेलं भोक तात्पुरतं बुजवून, पंप लावून रोझेन उचलली. पाठीच्या कण्यासारखा जो मोठा ओंडका तळातून जातो तो शाबूत होता. मागच्या बाजूच्या बऱ्याच फळ्या मात्र गेल्या होत्या, आणि आत बोटभर गाळ. देवयानी आठवडेच्या आठवडे गोड्या पाण्याने लाकडातलं मीठ धूत होती. उन्हाळ्यात गलबतावर कुणाला सोडता येणार नव्हतं. धक्क्यावर दोरी बांधली, तिच्याबाहेर उभं राहून लोक बघत.

मार्चअखेरीस एके दिवशी ती कापलेल्या जागेची मापं घेत होती तेव्हा मागून काठीचा आवाज आला. अ‍ॅलन. बरोबर भाच्याच्या गाडीतून आणलेल्या ओकच्या दोन नव्या फळ्या.

“कड वाकडी कापलीस,” तो म्हणाला.

“पाणी येत होतं,” ती म्हणाली.

त्याने तो भाग बराच वेळ चाचपला. “तू चुकलीस असं मला अजून वाटतं. मरेपर्यंत वाटेल.”

“असू दे.”

“तुला आधी सांगितलेलं बरं.” त्याने कोट काढून बाकावर ठेवला. “फळी वाफेत घातली की आपल्याकडे फार वेळ नसतो. गरम आहे तोवरच वाकते. सौमित्रला बोलाव, दोन माणसांचं काम नाही हे.”

तिघांनी मिळून फळी बसवली. पहिली तडकली. अ‍ॅलनने शिवी दिली आणि दुसरी घातली. दुसरी बसली. सौमित्रचा हात भाजला होता, त्यावर अ‍ॅलनने आपल्या डब्यातलं लोणी चोपडलं. देवयानी म्हणाली की भाजल्यावर लोणी लावायचं नसतं. त्यावर त्या दोघांचं चांगलंच वाजलं, आणि संग्रहालयातल्या नोकरांनी वरून डोकावून पाहिलं की आता काय झालं.

रोझेनवर पुन्हा लोक चढू लागले ते त्यापुढच्या वर्षी, ऑगस्टातल्या जत्रेला. देवयानी आधीसारखीच माहिती सांगते. ब्रिटनीतल्या त्या कोळ्यांची, त्यांच्या सहा महिन्यांची, मागे राहिलेल्या बायकांची. आणि मग त्या शनिवारची. तेव्हा ती न चुकता सांगते की ज्याने हे गलबत वाचवलं त्या माणसाला ते बुडवणं मान्य नव्हतं, आणि तो इथेच असतो, त्याला विचारा. लोक खरंच विचारतात. अ‍ॅलन त्यांना आपली बाजू सविस्तर ऐकवतो. समुद्राची भीती तिला अजून वाटते. भरतीच्या वेळी ती कठड्यापासून दोन पावलं मागेच उभी असते.